भार पडल्यावर

काय सांगू तुम्हाले, पहिलंच काम चुकलं. बॅटऱ्याईले मीटर लावला, चौघींचाही आकडा सारखा, भरगच्च, अन् बायकोले ठासून सांगतलं, तुह्या अंड्याईले काई होत नाई, बॅटऱ्या ठणठणीत हायेत. असं म्हणतो न म्हणतो तं पेटीतला दिवाच गेला.

आमी रोहण्याचे, भाजीपाला पिकवणारे. घर वावरात, तिथपर्यंत लायनीचा खांब काई आला नाई, म्हणून टिनावर सोलर अन् खाली चार बॅटऱ्या, एकीच्या मांगं एक जोडलेल्या. त्याच्यावर दिवे, पंखा, अन् सुमनची, म्हणजे बायकोची, अंडे उबवाची पेटी. कोंबडी काई अंड्यावर बसून राहे ना, म्हणून हौसेनं आणली तिनं. त्या सांजेले पिल्लाईनं आतून टोचा माराले सुरुवात केलती, अन् पेटी थंड पडली तं सगळे आतच मेले असते. सुमननं पेटीवर गोधडी टाकली अन् माह्याकडे असं पाह्यलं का मी गुपचाप साळ्याले फोन लावला.

मुकुंदाचं हिंगणघाटले बॅटरीचं दुकान हाय. तो म्हणे भाऊजी, भार टाकून पाह्यलं का, मी म्हटलं कायचा भार, तं हासलाच. म्हणे रिकाम्या बसल्या तं सगळ्याच तगड्या दिसतीन, बॅटरी थकली का तिच्या आतलाच अडथळा वाढते, करंट बाहेर निंघूच देत नाई. जोडणी सोडा, एकेकीवर ट्रॅक्टरचा हेडलाइट लावा, आकडा किती पडते ते पाहा.

लावला. तिघींचा आकडा जरासा उतरला अन् थांबला. चौथीचा असा धपकन बसला का हेडलाइट लाल पडला. अन् तेच सगळ्यात चकचकीत, रोज मीच पुसून राह्यलो होतो तिले! एक बसली का चौघी बंद. तिले काढलं, तिच्या जागी ट्रॅक्टरची बॅटरी लावली, पेटी उजळली. सकाळी उठून पाहतो तं ओले, डुलणारे पिल्लं. आता ते आंगणभर पायात पायात येतेत.

पण त्या सकाळी वांगे आर्वीच्या बाजारात न्याचे होते, अन् ट्रॅक्टर बिनबॅटरीचा. मी खाटेवर बसून मुकुंदाले फोनवर सांगून राह्यलो होतो, पाह्यलं का, कसा दोष पकडला. सुमन म्हणे, वांग्याचा कट्टा डोक्यावर घ्या अन् सडकेपर्यंत न्या, एसटी येते आता. घेतला. वावराच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत गेलो अन् मटकन खाली बसलो.

सुमन हासत आली, कट्टा सोताच्या डोक्यावर चढवला अन् म्हणे, अवो, खाटेवर तं तुमचाही आकडा भरगच्चच दिसे.