शंभरातले बारा

नाही, पण गेले कुठे? तुम्हीच सांगा! शंभर आत गेले, अठ्ठ्याऐंशी बाहेर आले, मग बाकीचे गेले कुठे? साधी वजाबाकी आहे हो, दुसरीतल्या पोराला येते, आणि मी, नावापुढे डिग्र्यांची मालगाडी लावून फिरणारा माणूस, त्या वजाबाकीपुढे डोकं धरून बसलेला... झोप उडाली म्हणणार होतो, पण झोप मला या वयात येतेच कुठे? येते ती फक्त भाषणात. माझ्याच!

तुम्हाला सांगतो, घरात काही हरवलं तर माणूस शोधतो. किल्ली हरवली, छत्री हरवली, गादी उचलून बघतो, शेजाऱ्यावर संशय घेतो. पण आपल्याच आत काही हरवलं तर? कुठल्या खोलीत दिवा लावायचा? हो हो, माझ्या आत! शिरेतून घेतलं होतं मी ते. आणि वर बनवलंही मीच! म्हणजे बघा, भूत स्वतः तयार करायचं, स्वतःच अंगात घ्यायचं, आणि मग स्वतःच विचारत फिरायचं, अहो, आमचं भूत पाहिलंत का?

थांबा, उलटं सुरू झालं. माझं नेहमी असंच होतं.

मी कण बनवतो. जन्मभर तेच केलं. एवढे बारीक की केसाच्या जाडीत हजारभर जण खांद्याला खांदा लावून उभे राहतील. त्यांनी काय करायचं, तर औषध घेऊन रक्तातून निघायचं, सुजलेला सांधा दिसला की तिथे ते टाकायचं, आणि मग विरघळून लघवीवाटे मुकाट्याने बाहेर पडायचं. पोस्टमनसारखं. पत्र टाका, निघा, चहाला थांबायचं नाही. प्रयोगशाळेत होता तोवर तो माझा कण होता. मग तो कंपनीत गेला. आणि मुलगी मोठ्या घरी दिली की आपण जसे चोरासारखे बैठकीच्या कडेला बसतो, तसा मी त्यांच्या काचेच्या टेबलाच्या कडेला बसायला लागलो.

कंपनीचा मालक माझाच जुना विद्यार्थी. पोरगा हुशार, नाही म्हणत नाही, पण मी त्याला मनातल्या मनात 'होऊन-जाईल' म्हणतो. कारण काहीही विचारा! अरे, एवढ्या मोठ्या भांड्यात कण सारखे कसे होतील? "होऊन जाईल, सर!" परवानगी? "होऊन जाईल!" मी म्हटलं, समजा काही चुकलं, तर? "सर, तेही होऊन जाईल!" ...आता याला काय म्हणायचं?

त्याच्या शेजारी जाहिरात खात्याच्या बाई. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "सर, 'कण' नको ना! कण म्हटलं की लोकांना धूळ आठवते, खोकला आठवतो. आपण म्हणू या... सोबती! 'सोबती, आतून काळजी घेणारे!'" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या हो! मीसुद्धा वाजवल्या. मी नेहमी वाजवतो, मग घरी येऊन विचार करतो, आपण टाळ्या का वाजवल्या?

तर या सोबत्यांची पहिली मात्रा कोणी घ्यायची? "सर, निर्मात्याने स्वतः घेतली तर?" बाईंचे डोळे चमकले. माझं वय निरोगी स्वयंसेवकांच्या नियमात बसत नव्हतं, होऊन-जाईलने ते बसवलं. आणि मी हो का म्हटलं, ते सांगतो. शूर म्हणून नाही. मी आयुष्यात धाडस एकदाच केलं, चुकीच्या लिफ्टमध्ये शिरलो आणि बाहेर पडलो नाही. मी हो म्हटलं ते ताईसाठी.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घरात आम्ही दोघंच. मी सत्तरी ओलांडली, पण ती मला अजून 'छोट्या' म्हणते. तिच्या बोटांचे सांधे असे सुजलेत की स्वेटरची बटणं मी लावतो. मी बटणं लावत असताना ती छताकडे बघते आणि बोलत नाही. ताई बोलत नाही म्हणजे किती दुखतंय, हे तुम्हाला तिच्याशी ओळख असती तर कळलं असतं. रुग्णांच्या पहिल्या तुकडीत तिने नाव दिलं होतं. "तू सही केलीस की मी घेणार. दुसरं मला काही कळत नाही," म्हणाली. सही कशावर? तर सोबती शरीरात राहत नाहीत, सगळे बाहेर पडतात, या कागदावर. ती सही माझी. म्हणून म्हटलं, आधी माझ्यात जाऊ देत. ताईच्या बोटांत काय शिरणार आहे, ते आधी मला कळू दे.

गेले. आरामखुर्ची, सलाईनसारखी लांब नळी, मी हसतोय, बाई फोटो काढतायत. आणि मग सुरू झाल्या बाटल्या. लघवीच्या! सोबत्यांना आम्ही खुणेचा रंग लावलेला असतो, जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो, त्यावरून किती बाहेर आले ते मोजायचं. मी पिशवीत बाटल्या घेऊन कंपनीत जातोय, दारातच होऊन-जाईल परदेशी पाहुण्यांना घेऊन उभा, "हे आमचे सर, यांच्याजवळ नेहमी काहीतरी नवीन असतं!" आता पिशवी कुठे लपवू? पाहुण्याने हात पुढे केला. मी बाटली या हातातून त्या हातात... जाऊ द्या.

मोजलं. शंभरातले अठ्ठ्याऐंशी आले. दुसऱ्या दिवशी हिरवा थेंब नाही, तिसऱ्या दिवशी हिरवा थेंब नाही. मग बाकीचे गेले कुठे?

होऊन-जाईल म्हणाला, "सर, बाराच ना? मोजण्यात एवढं इकडेतिकडे चालतं. सही करून टाका." चालतं? माझ्यात चालतायत ते! शंभरातले बारा म्हणजे बारा नव्हेत हो, अब्जावधी! अख्खी लोकसंख्या माझ्यात शिरून दार लावून बसलीय आणि म्हणे इकडेतिकडे!

आणि तुम्हाला सांगतो, त्याच आठवड्यात ते मला जाणवायला लागले.

हसू नका. मला माहीत आहे, जाणवत नाहीत. मीच शिकवलंय पिढ्यान्‌पिढ्यांना की जाणवत नाहीत. पण दुपारी घर शांत झालं, ताई आडवी झाली, रस्त्यावरचा आवाज थांबला, की डाव्या खांद्यात... टिक. एवढंच. कुणीतरी बसल्या जागी कूस बदलावी तसं. मी श्वास धरला की तेही थांबायचं. मी श्वास सोडला की... टिक. म्हणजे ऐकत होतं! मग मी खुर्चीत उजवीकडे सरकून बसायला लागलो, त्यांना अडचण नको म्हणून. कंपनीबद्दल वाईट बोलायचं असेल तर आवाज खाली आणायला लागलो. शेवटी शेवटी तर, कुणाला सांगू नका, मी त्यांच्याशी बोलायला लागलो. "बसलात? बसा. घाई नाही." आणि खांद्यात टिक! आता उत्तर आलं म्हणायचं की नाही?

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "छोट्या, लहानपणी पेन्सिलीचं टोक गिळलं होतंस, तेव्हाही पोटात झाड उगवेल म्हणून महिनाभर रडलास."

"ताई, हे शास्त्र आहे."

"तेव्हाही तू शास्त्रच म्हणाला होतास! आणि मला सांग, तुझे सांधे तर ठणठणीत. मग त्यांना तुझ्यात काम काय? आले असतील, पत्ता सापडला नसेल, बसले असतील कुठेतरी. तू नाही का निवृत्त झाल्यावर दिवसभर त्या खिडकीत बसत?"

बघा, म्हणजे मी नुसता झपाटलेला नाही, बेकारांनी झपाटलेला! मला आणखीच वाईट वाटलं. खिडकीतली ती खुर्ची मला माहीत आहे हो.

मग मी काय केलं? प्रयोगशाळेतला जांभळा दिवा घरी आणला. भर दुपारी पडदे ओढले, सदरा काढला आणि आरशासमोर उभा राहून दिवा खांद्यावर धरला. कातडीतून काही दिसत नसतं. ठाऊक आहे! तरी धरला. खांदा काळा. हात काळे. छाती काळी. आरशात माणूसच नाही हो! नुसते दात... निळसर पांढरे दात, अंधारात तरंगतायत, आणि खाली चमकणारी बनियन. कपडे धुवायच्या पावडरीत असतं ते, जांभळ्या दिव्यात चमकतं, हेही मीच शिकवायचो. पण त्या क्षणी कुठली पावडर आणि कुठलं शिक्षण! मी किंचाळलो, मागे फिरलो, आणि दारात दुसरी बनियन... नाही, गाऊन! नुसता निळा गाऊन, आत कुणी नाही, आणि गाऊन म्हणाला, "छोट्या, मेल्या, काय चाललंय?"

मी मटकन खाली बसलो. ती भावंडं बघा डोळ्यांसमोर आणून, एक बनियन आणि एक गाऊन, अंधारात समोरासमोर, दोघांच्याही आत कुणी दिसत नाही... आणि त्यातला एक जण रडतोय.

ताईने पडदा उघडला. तिला तो धड ओढताही येत नव्हता, बोटांनी नाही, मनगटाने ढकलत ढकलत सरकवला. मग शेजारी बसली. म्हणाली, "भीती कसली वाटते, ते तरी सांग."

मी म्हटलं, "ताई, मी सही केली आणि ते तुझ्यातही असेच राहिले तर? आणि सही नाही केली तर..." तिच्या बोटांकडे बघवेना.

ती म्हणाली, "मग शोध ना नीट. चष्मा हरवला की तू माळ्यापर्यंत जातोस, नि चष्मा जिथे ठेवला होतास तिथेच असतो. आधी ठेवल्या जागी बघ."

मी चिडून म्हटलं, "ठेवल्या जागी म्हणजे कुठे? ते कपाटात ठेवले नव्हते, ते नळीतून..."

...नळीतून!

तुम्हाला सांगतो, माणसाला अक्कल येते तेव्हा फार लाज वाटते. उंदरांना आम्ही औषध द्यायचो ते काचेच्या पिचकारीने. मला दिलं ते लांबलचक मऊ नळीने, होऊन-जाईलने आणलेल्या, "सर, पेशंटला आरामदायक!" म्हणून. वापरलेला संच नियमाप्रमाणे पिशवीत बंद करून ठेवला होता. गेलो, पिशवी फोडली, दिवा धरला... आणि नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार! चिकटून बसले होते हो! आतून, रांगेने, एकालाही पुढे जावंसं वाटलं नव्हतं! कण प्लास्टिकला चिकटतात, पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच सांगायचो, आणि मीच विसरलो. नळी धुतली, मोजलं, पुन्हा मोजलं, कारण माझा माझ्यावर विश्वास नाही. बारा म्हणजे बारा. माझ्यात ते कधी गेलेच नव्हते. जे गेले, ते सगळे बाहेर आले होते.

धावत होऊन-जाईलकडे गेलो. त्याने ऐकलं. मला वाटलं, ओशाळेल. तो उभाच राहिला! "सर, म्हणजे न चिकटणारी खास नळी लागणार? ती पण आपणच विकू!" आणि बाई म्हणाल्या, "सोबती-मार्ग!" टाळ्या. मी... हो, वाजवल्या.

सही करायला बसलो. ताईला विचारलं, "घेशील ना?"

"काही राहणार नाही ना माझ्यात?"

"नाही."

"शपथ?"

"ताई, शास्त्रात शपथ नसते. पुरावा असतो."

"मग पुराव्याची शपथ घे!"

घेतली. काय करता? शपथ घेतली आणि सही केली, आणि ती इतकी वेडीवाकडी आली की ती माझीच सही आहे हे सिद्ध करायला मला आणखी एक सही करावी लागली.

ताईला नव्या नळीने दिलं. हळूहळू सूज उतरली. परवा सकाळी मी नेहमीप्रमाणे बटणं लावायला पुढे झालो, तर ती म्हणाली, "सरक." आणि एक एक बटण तिने स्वतः लावलं. वेळ लागला. मी छताकडे बघत होतो. ती बोलत होती, म्हणजे अखंड बोलत होती, आणि मला एक शब्द कळत नव्हता.

झालं ना सगळं चांगलं? कुणीही म्हणेल, आता गप बस बाबा. बसलोही होतो. खिडकीत. दुपार, शांतता... आणि डाव्या खांद्यात... टिक.

अहो, टिक!

म्हणजे बाकीचे गेले कुठे, ते कळलं. नळीत. पण मग इतके दिवस मी बोलत कुणाशी होतो? "बसा, घाई नाही" असं मी कुणाला म्हणालो? श्वास धरला की थांबायचं ते कोण? मी घाबरून ताईला हाक मारली. म्हटलं, "ताई, ते नाहीत, पण माझ्या आत कुणीतरी आहे!"

ताईने वर बघितलंसुद्धा नाही. हौसेने पुन्हा काढलेल्या बटणांतलं शेवटचं लावत म्हणाली, "तूच असशील. एवढ्या वर्षांत कधी भेट नसेल झाली."

घ्या! आता या वयात नवी ओळख? आणि तीही अशा माणसाशी, जो आपल्याइतकाच घाबरट, जाणार कुठे नाही, बोलणार काही नाही, नुसता टिक करून बसणार? तुम्हाला सांगतो, ते सोबती परवडले हो... त्यांचा निदान बाहेर पडायचा रस्ता तरी मला ठाऊक होता!