विहिरीवरचं रेकॉर्डिंग

औशाजवळ एक गाव हाय, तिथं मला अजूनबी कुणी चहा विचारत न्हाई. का, ते सांगतो.

लातूर जिल्हा नवा नवा झालता आन् दुष्काळबी पडलता. मला तेव्हा मशिनींचे आवाज टेप करायचं याड होतं. डाळ मिल झाली, जिनिंग झालं, आता विहिरीवरचं इंजिन पाहिजे होतं. गेलो तर विहीर कोरडी अन् इंजिन बंद. म्हटलं, आलोच हाय तर पाइपातल्या वाऱ्याचा आवाज घेऊ. हेडफोन लावले, माईक पाइपाला टेकवला आन् डोळे मिटले. उघडले तर भवती अर्धं गाव उभं, कुणी खोकायलाबी तयार न्हाई.

सरपंच हळूच म्हणले, "किती खोल हाय?"

"काय?"

"पाणी."

"अहो, मी मशिनींचे आवाज ऐकायलोय."

सरपंच गावाकडं वळून म्हणले, "मोठी माणसं लगेच सांगत न्हाईत."

तेवढ्यात गावचा पाणाड्या गर्दीतून पुढं आला. हातावर नारळ धरून तो जमिनीतलं पाणी सांगायचा. म्हटलं, आता भांडण. त्यानं हेडफोन मागितले, कानाला लावून बराच वेळ ऐकलं आन् मला बाजूला घेतलं.

"ह्यात खरंच पाणी कळतं?"

"न्हाई."

"नारळातबी न्हाई," तो म्हणला. "पण उद्या बोअरची गाडी येणार हाय. आपण दोघं एकच जागा दाखवू. पाणी लागलं तर नारळानं सांगितलं, न्हाई लागलं तर तुमच्या मशिनीनं."