पाठमोरा माणूस आपला कोण?

मंडळी, ऐका! आख्यान सुरू करण्याआधी तुम्हाला एक सोपा प्रश्न विचारतो. समोरून आई आली तर आपण काय करतो? वाकतो. गुरुजी आले? वाकतो. साहेब आले? — हां, हसलात! — तिथे तर जरा जास्तच वाकतो! पण पाठमोरा माणूस? ज्याचं तोंड दिसत नाही, नाव माहीत नाही, नुसती पाठ दिसते, तो आपला कोण? सांगा ना! कोण लागतो तो?

राहू द्या. बरं. मग हिंदुरावांची गोष्ट ऐका.

हिंदुराव नलवडे. आपल्या सांगलीपासून एसटीनं दीडेक तासावरचं गाव. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. उभा जन्म टपाल वाटलं! डोंगरापलीकडच्या वाड्यांना तेव्हा रस्ता नव्हता, सायकलही जायची नाही. आप्पा पायी जायचे. वाटेत साप आडवा आला तर म्हणायचे, "जा बाबा, तू आधी जा, माझं टपाल काय नासत न्हाई." असा माणूस!

बायको गेली. घरात एकटेच. मग सांगलीत राहणारा मुलगा, रणजित, येऊन म्हणाला, "आप्पा, बास झालं, आता माझ्याकडे चला." मुलगा गुणी हो! उगाच नावं ठेवू नका. इन्शुरन्सच्या ऑफिसात नोकरी, सून रूपाली प्रेमळ. खोलीत आप्पांसाठी लाकडी कॉट, खिडकीत तुळस. आणि रणजितनं पहिल्याच दिवशी बजावलं, "आप्पा, हे गाव नव्हे. इथे गाड्या फार. फिरायला जा, पण फुटपाथ सोडायचा नाही. फुटपाथ चालणाऱ्यांचा. तिथे तुम्हाला कुणी धक्का लावणार नाही."

कुणी सांगितलं हे? — लक्षात ठेवा — रणजितनं सांगितलं!

आप्पांना गंमत वाटली. "चालणाऱ्यासाठी येगळा रस्ता? सरकारला आपली एवढी काळजी?" रोज संध्याकाळी ते फुटपाथनं बागेपर्यंत जायचे. बाकावर दोस्त जमले, गप्पा रंगल्या. येताना फुटाणे खात खात परत. म्हातारा रमला हो!

आणि मग आला थंडीतला एक दिवस.

आता आप्पांचा वेश म्हणजे धोतर आणि पांढरी टोपी. पण त्या दिवशी गारठा होता. रूपालीनं त्यांना नवा स्वेटर घातला, कानटोपी चढवली, रणजितची जुनी पँटसुद्धा घालायला दिली. आरशात बघून आप्पा म्हणाले, "ह्यो कोण पाव्हणा आलाय?" सून हसली, आप्पा निघाले.

इकडे रणजित ऑफिसातून सुटला. वाटेत हलवायाकडे जिलेबी तळत होते. त्याला आठवलं — आप्पांना जिलेबी आवडते, पण गरम! गार झाली की म्हणतात, "ही जिलेबी न्हवं, रबर हाय." घेतली जिलेबी, पुडकं हँडलला अडकवलं, स्कूटर मारली. आणि चौकाच्या अलीकडे — ट्रॅफिक! मुंगी शिरेना. पुढे बस, शेजारी टेम्पो. जिलेबी गार होणार! तेवढ्यात पुढची एक मोटारसायकल टुणकन फुटपाथवर चढली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे एक सायकलवाला, घंटी वाजवत. रणजितनं काय केलं असेल?

अगदी बरोबर! तुम्हाला लगेच कळलं! कसं काय कळलं बरं?

चढवली गाडी. फुटपाथवर पुढे एक म्हातारा चालला होता, कानटोपीवाला, रमतगमत. रणजितनं हॉर्न दिला. म्हातारा हलेना, कानावर टोपी! पुन्हा हॉर्न. शेवटी रणजित ओरडला, "ओ मामा! कानात बोळे घातलेत का? सरका की!"

म्हातारा दचकला. कुठे सरकावं कळेना. एका अंगाला भिंत. दुसऱ्या अंगाला उतरला — थेट रस्त्यावर! बसवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. म्हातारा गुडघ्यावर पडला. कानटोपी उडाली. आणि त्यानं मान वळवली.

आप्पा!

रणजितनं गाडी जागीच थांबवली. हेल्मेटच्या काचेतून तो बघतोय. बाप रस्त्यावर, बसच्या चाकापुढे, हातानं टोपी चाचपतोय. "आप्पा" हा शब्द ओठापर्यंत आला — आणि मागून दुसऱ्या गाडीचा हॉर्न! "ओ, चला की पुढे!" लोक जमायला लागले. कुणी म्हणालं, "कोण हो तो? पकडा त्याला!" आणि मंडळी, काय सांगू! त्याचा हात आपोआप फिरला. गाडी पुढे गेली.

वळणावर त्यानं गाडी टाकली आणि धावत मागे आला. पण तोवर एका गजरेवालीनं आप्पांना उठवून रिक्षात बसवलं होतं. रिक्षा गेली होती.

घरी आला. आप्पा कॉटवर. रूपाली गुडघ्याला हळद लावतेय. रणजित दारातच उभा. विचारतो काय? "काय झालं आप्पा?" बघा! माहीत असून विचारतो!

"काय न्हाई रं. पाय घसरला."

रूपाली चिडून म्हणाली, "घसरला कसला! कुणीतरी गाडीवाला मागून अंगावर आला. आणि आप्पा पडले तरी थांबला नाही मेला!"

"जाऊ दे गं," आप्पा म्हणाले. "घाईत असंल पोरगं. घरी कोणतरी वाट बघत असंल त्येची." मग रणजितच्या हातातल्या पुडक्याकडे बघितलं. "काय आणलंस? जिलेबी?" एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चेहरा फुलला. "अरं, गरम हाय की अजून!"

मंडळी, कुणी थोबाडीत मारली असती तर रणजितला सोसलं असतं. हे कसं सोसावं? तो मटकन खाली बसला. "आप्पा, तो मी होतो."

रूपालीच्या हातातली वाटी तशीच राहिली. आप्पांनी जिलेबी बशीत ठेवली. मग हळूच म्हणाले, "वरडलास, त्येचं मला काय न्हाई. वळखलं न्हाईस. पर पडल्यावर तर वळखलंस न्हवं? मग थांबला का न्हाईस?"

"भ्यालो, आप्पा."

"मला?"

"नाही. लोकांना."

आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांचं फिरणं बंद. बागेतले दोस्त घरी येऊन गेले, तरी नाही. गुडघा बरा झाला, तरी नाही. एकदा म्हणाले, "रणजित, मला गावाकडं सोड. तिथं फुटपाथ न्हाई, पर मागनं येणारा हाक मारून येतो."

रणजित म्हणाला, "सोडतो. पण आधी एकदा माझ्याबरोबर चला. त्याच वाटेनं."

"गाडीवरनं?"

"पायी."

निघाले दोघं. आणि तेव्हा रणजितनं पाहिलं. जो माणूस सापाला वाट देऊन डोंगर उतरला, तो चार पावलं टाकतो आणि मागे वळून बघतो. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे. भिंतीला घासून चालतोय. रणजितनं त्यांचा हात धरला. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. हे आपण केलं!

आणि मागून हॉर्न! आप्पांची पकड घट्ट झाली. रणजित वळला आणि मध्येच उभा राहिला. मोटारसायकलवाला तरणा, दाढीवाला. "ओ साहेब, व्हा की बाजूला!"

आता तुम्हाला वाटलं भांडण होणार. नाही! रणजितनं हात जोडले. "दादा, हे माझे वडील. थोड्या दिवसांपूर्वी याच जागी मीच गाडी आणून यांना रस्त्यावर पाडलं आणि पळून गेलो. तुमच्यावर ती वेळ नको. गाडी तेवढी चौकापर्यंत ढकलत न्या."

"सगळेच जातात की! मी एकटाच दिसलो?" तो तडकला.

आप्पा पुढे आले. रणजितकडे बघितलं, मग त्या पोराकडे. म्हणाले, "बाळा, घरी कोण आजारी हाय का?"

"नाही हो, आजोबा."

"देवाची कृपा! मग उतर की. संगं चालू. तुझं गाव कुठलं?"

पोरानं गाडी बंद केली, उतरला. "कवठ्याजवळचा, आजोबा." "आरं, मग तू आपल्याच भागातला!" झालं! एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला रणजित, मध्ये गाडी ढकलणारा, गप्पा सुरू. त्याच्या मागची एक बाईसुद्धा स्कूटरवरून उतरली. एक सायकलवाला मात्र शिव्या देत रस्त्यावर उतरून गेला. असो, त्याची त्याला सुबुद्धी होवो.

चौकात आप्पा थांबले. श्वास घेतला. म्हणाले, "रणजित, गावाकडं उन्हाळ्यात जाऊ. उद्या बागेत येतोस का? दोस्तांना तुझी वळख करून द्यायची हाय. ह्यो माझा ल्योक, म्हणून."

त्या "ल्योक" शब्दावर रणजित रडला हो, भर चौकात!

तर मंडळी, पाठमोरा माणूस कोण? कुणाचा तरी बाप आहे. कुणाची आई आहे. वळून बघेपर्यंत आपल्याला कळत नाही, आणि वळून बघतो तेव्हा कधी कधी उशीर झालेला असतो. आप्पांचं नशीब, बसवाला सावध होता. प्रत्येक बसवाला तसा असेल का?

डोळे पुसताय? पुसा. पण थांबा — तबला थांबवा, आरतीचं ताट खाली ठेवा. मघाशी मी आत येत होतो, तेव्हा देवळाबाहेर एक आजी काठी टेकत रस्त्यावरून येत होत्या. रस्त्यावरून! मी म्हटलं, आजी, फुटपाथनं या. त्या म्हणाल्या, "कुठनं येऊ बुवा? तिथं तुझ्या कीर्तनाला आलेल्यांच्या गाड्या उभ्या हायत!"

हसू नका! आरती होईल. देवाला घाई नाही, तो युगानुयुगं उभा आहे. चाव्या कुणाकुणाच्या खिशात आहेत? उठा. जा, गाड्या काढून या.

हां! ते बघा, एक उठले. दुसरे उठले. या, या माउली, लाजू नका! तुम्ही परत येईपर्यंत मी काही आरती सुरू करत नाही!