एक गॉज कमी भरतोय

...आणि बसायला दिलं काय, तर चाकांचं स्टूल! टेकायला काही नाही, कशाला हात लावायचा नाही, आणि वर साहेब म्हणतात, ‘‘फक्त बघायचं आणि रकान्यात टीक करायची.’’ अहो, मी रेकॉर्ड विभागातली बाई! बावीस वर्षं माझा आणि पेशंटचा संबंध फायलीपुरता! पण साहेबांना फायलीत दिसलं काय, तर ऑपरेशनच्या वेळी सुरक्षेची जी यादी मोठ्याने वाचायची असते ना, ती सहा महिने शंभर टक्के पाळलेली. एक टीक चुकलेली नाही! आला त्यांना संशय, आणि बसवलं मला आठवडाभर ऑपरेशन थिएटरात.

तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी काय थाट! सिस्टर वाचतायत, मोठे सर्जन शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तसे उभे. दुसऱ्या दिवशी मी म्हणजे कोपऱ्यातलं कपाट! मग सिस्टरचा प्रश्न अर्धा, की सर्जन ‘‘हो.’’ सिस्टरनी नुसता श्वास घेतला, ‘‘हो हो, पुढे!’’ ‘‘अँटिबायोटिक दिलं?’’ ‘‘हो!’’... आणि बाटली भूलवाल्या डॉक्टरांच्या हातात, न फोडलेली! माझ्याकडे बघून म्हणतात, ‘‘देतोच आहे.’’ आता हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

बरं, माणसं वाईट म्हणावीत, तर तसंही नाही हो! भूल चढेपर्यंत सर्जन स्वतः पेशंटचा हात धरून थांबायचे. मग प्रश्न पुरता ऐकायला काय होतं? मला राहवेना. चहाच्या वेळी सिस्टरना विचारलंच. त्या इतक्या हळू बोलतात की कान पुढे करावा लागतो. म्हणाल्या, ‘‘रोज सगळं बरोबरच असतं ना...’’ आता रोज बरोबर असतं म्हणून ऐकायचं नाही, की कोणीतरी विचारतंय म्हणून रोज बरोबर असतं? हे कुठल्या रकान्यात लिहू?

गुरुवारी टेबलावर होता एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर. पोटाचं ऑपरेशन. झालं व्यवस्थित. शिवण्याआधी रक्त टिपायचे गॉज मोजतात. दिलेले दहा. सिस्टरनी मोजले... नऊ!

‘‘पुन्हा मोजा.’’

‘‘नऊच, सर.’’

‘‘बादलीत पडला असेल. मी शिवायला घेतो.’’

आणि त्या हळू बोलणाऱ्या बाई, अहो, खणखणीत! ‘‘नाही, सर. एक कमी भरतोय. शिवायचं नाही.’’

सर्जनचा हात हवेत. एक क्षण... दोन... आणि ठेवली की हो त्यांनी सुई खाली! पुन्हा पोटात हात घालून घडी न घडी चाचपली. बादली उपडी केली, दोघं वॉर्डबॉय गुडघ्यांवर रांगतायत, एक्स-रेचं मशीन मागवलं, वीस मिनिटं झाली, आणि तो मशीनवाला मला म्हणतो, ‘‘बाई, जरा पाय उचला.’’

उचलला.

गॉज माझ्या स्लिपरच्या तळाला! चिकटून चपाट! मघाशी जरा नीट दिसावं म्हणून स्टूल पुढे ढकललं होतं ना मी... वाटलं, धरणी दुभंगावी! सर्जननी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सिस्टरना विचारलं, ‘‘दहा?’’

‘‘दहा, सर.’’

‘‘आता पुढचा प्रश्न वाचा.’’ आणि तो प्रश्न त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकला. ऐकला हो! पण ‘गॉज सापडला, निरीक्षण करणाऱ्या बाईच्या पायाखाली’, हे कुठल्या रकान्यात लिहू?

आठवड्याने तो ड्रायव्हर घरी निघाला, आणि आला थेट माझ्या खिडकीवर. ‘‘बाई, तक्रारीचा फॉर्म द्या! वीस मिनिटं जास्त लावली म्हणे ऑपरेशनला! बायको बाहेर जीव मुठीत धरून बसली होती.’’

मी म्हटलं, ‘‘दादा, उशीर झाला तो तुमच्याच भल्यासाठी.’’

‘‘ते असेल हो, पण झाला कोणामुळे?’’

दिला फॉर्म. भराभर लिहिलं त्यानं, एका जागी अडला. ‘‘इथे ‘उशिराला जबाबदार व्यक्ती’ असं आहे. काय लिहू?’’

काय करता... सांगितलं माझं नाव. काना-मात्रेसकट.