इमारतीचं नाव आवश्यक नाही

निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे संचालक सलिलसर, सत्कारमूर्ती त्र्यंबकराव, त्यांच्या शेजारी बसलेल्या सुमतीवहिनी, आणि बाहेर बटाटेवडे थंड होताहेत हे ठाऊक असूनही बसून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला दहा मिनिटं बोल म्हणाले होते. परवा पाच झाली. मघाशी सलिलसरांनी तीन बोटं दाखवली. असू दे, आपल्या कंपनीत सगळं असंच घडतं.

त्र्यंबकरावांचं काम काय? ग्राहकाला काय हवंय ते विचारून आम्हा प्रोग्रॅमरना सांगणं. आणि ते ग्राहकाला ठाऊक असतं, हा आपला गोड समज. दिवा गावातल्या पाण्याच्या टँकरच्या ॲपचंच घ्या. टँकर संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, "ज्याची नोंदणी आधी, त्याला पाणी आधी." चिटणीस म्हणाले, "जवळच्याला आधी, डिझेल वाचतं." दोघांनी त्र्यंबकरावांच्या वहीत एकाच पानावर सह्या केल्या! त्र्यंबकरावांनी शिरस्त्याप्रमाणे दोघांना समोरासमोर बसवून ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "हे लिहिलंय कोणी?"

तेव्हापासून बटणाचा रंग बदलायचा असला, तरी त्र्यंबकराव विचारणार, "नीरजा, सही कुठेय?"

ॲप सुरू झालं आणि आठवड्याभरात हेच गृहस्थ दिव्याहून तडक माझ्या टेबलाशी आले. "अगं, इमारतीचं नाव भरल्याशिवाय पुढे का जात नाही?"

"संघटनेनंच सांगितलंय. तुमच्या वहीत आहे, सहीसकट."

"तिथे आवडाबाई म्हणून आहेत, त्यांच्या चाळीला नावच नाही. खाडीकडेची बैठी चाळ. शेवटी त्यांनी शेजारच्या टॉवरचं नाव टाकलं. टँकर आला आणि टॉवरची टाकी भरून गेला! बाई हंडे घेऊन बघत राहिल्या. काढून टाक ती अट."

मी म्हटलं, "सही कुठेय?"

त्यांनी वही उघडली आणि स्वतःच सही ठोकली. नियमाने त्या सहीला काहीच किंमत नव्हती. मी अट काढली. त्या वर्षी त्यांच्या अहवालात 'शिस्तीचा अभाव' असा शेरा आला. सलिलसर, आपण हसताय, पण अक्षर आपलंच होतं.

खरं सांगू? माझं बालपण मोहन्यात गेलं. आमचा पत्ता होता, 'कारखान्याच्या मागे, तिसरी रांग'. घराला नाव नसतं, हे मला सुचायला हवं होतं. पण कागदावर सही होती ना! मग विचार कशाला करायचा?

काल संघटनेचं पत्र आलंय. इमारतीचं नाव पुन्हा सक्तीचं करा. सोमवारी बैठक आहे आणि सोमवारी त्र्यंबकराव घरी असतील. म्हणून शाल-श्रीफळ तुमचं, पण ती वही मला द्या. बैठकीला मी जाईन. फक्त, सलिलसर, संघटनेला नकार द्यायला आपली सही लागेल. पेन आणलंय.

थांबा, सर, लगेच नको. आधी वहीतलं हे पान वाचून दाखवते. "आवडाबाई. खाडीकडेची चाळ. नाव नाही. पाणी हवं."

हं, आता करा.

त्र्यंबकराव, वहिनी, मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घाला. दुरुस्ती सुचवायची असेल, तर लेखी द्या. खाली सही विसरू नका.