कुतुबमिनार आणि नानांची बाग

दिल्ली मी पाहिली ती सावद्याच्या नानांसोबत. पन्नास-एक्कावन्न साल असेल. केळीची वॅगन पोचवायला गेलो होतो. माल उतरल्यावर म्हटलं, आता कुतुबमिनार तरी पाहू.

नानांनी मान वर करून मिनार पाहिला आणि गाइडला पहिलाच प्रश्न केला, "वादळात पडत नाही का हा?"

त्याच वैशाखात वादळानं नानांची अर्धी केळीबाग आडवी केली होती.

गाइड म्हणाला, "एकदा वीज पडून वरचा मजला ढासळला होता. मग बादशहानं नवा बांधून दिला."

नानांनी पुन्हा एकदा वर पाहिलं. मग मला म्हणाले, "नशीब पाह्य याचं. हा पडला तं बादशहा आला. आपली बाग पडली तं तलाठी आला, अन् जाताना उरलेला घड घेऊन गेला."