चारच मिनिटांची आहे, पाहून घ्या ना!

...अन् वरून मलेच विचारतेत, ‘काहून रे सुगत, तू तोंडानं बोलत काहून नाही?’ आता तुमाले सांगतो जी, दोन वर्षांपासून मी बोलूनच राहिलो! नववीत शाळा सुटली, राइस मिलवर पोते उचलतो, चार माणसांत उभा केला का माही जीभ टाळूले चिकटते. म्हणून मी फिल्मा पाठवतो. आमच्या आंबागडच्या ग्रुपवर. आटलेल्या नदीची, मेलेल्या गायीच्या पोटातून निघालेल्या प्लास्टिकच्या पन्न्यांची... लहान लहान, पण माणसाले विचारात पाडणाऱ्या. खाली लिहितो, ‘चारच मिनिटांची आहे, पाहून घ्या ना!’

पाहतेत का कोणी? हात जोडतेत! ते पिवळे, फोनमधले. धानावर फवारतेत त्या विषाची फिल्म टाकली, तं भुपेंद्रभाऊनं खाली लिहिलं, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ कोणाचा वाढदिवस, बाप्पा? विषाचा?

मंग मी सोताच एक फिल्म काढली. पार्वता मावशीची. आमच्या गल्लीतली म्हातारी, डोंगराकडून पळसाची पानं आणते अन् बांबूच्या काडीनं पत्रावळ्या टाचते. म्हणजे टाचत होती. प्लास्टिकची ताटं आली अन् तिले कोणी विचारे ना. मी फोन धरला तं म्हणते, ‘माहं थोबाड काय पाहतं? हात पाह्य!’ अन् त्याच फिल्ममंधी ती सांगते, ‘आनंदरावच्या अपेक्षाच्या लग्नात पंगत माह्या पत्रावळीवर बसन. सुगतनं शब्द देल्लाय.’

आनंदराव म्हणजे माहे बाबा. अपेक्षा माही बहीण. अन् शब्द? तो मावशीले देल्ला होता जी, बाबाले सांगितलाच नव्हता! तोंडानं कसा सांगाचा? फिल्म पाठवली. एकाच घरात! बाबा ओसरीत, मी आतमंधी. ‘बाबा, चारच मिनिटांची आहे, पाहून घ्या ना!’ पाच वेळा पाठवली. उत्तर आलं... हात जोडले. अन् साऱ्या नातेवाइकांले फॉरवर्ड केली, वर लिहून, ‘अतिशय सुंदर, अवश्य पाहा!’ मी म्हटलं, झालं! बाबानं पाहिली, बाबा मानले!

लग्नाच्या सकाळी मांडवात येतो तं काय... प्लास्टिकच्या ताटांचे खोके! अन् मांगून मावशी, डोक्यावर गठ्ठा. महिनाभर टाचलेल्या पत्रावळ्या. बाबा म्हणाले, ‘हे काय जी मावशी?’ मावशीनं माह्याकडं पाहिलं. तुमाले सांगतो, तसं कोणी कोणाकडं पाहू नये. अन् मी काय केलं? खिशातून फोन काढला! म्हटलं, ‘बाबा, चारच मिनिटांची...’

मावशीनं फोन हिसकला अन् कमरेले खोचला. ‘ठेव तो डब्बा. तोंड उघड!’

उघडलं. काय बोललो, मले आठवत नाही. घाम आठवते. मधात रडलोही असन. बाबा म्हणाले, ‘एवढंच? मंग सांगाचं होतं ना, बेट्या! मले वाटलं, तू सुप्रभात पाठवून राहिला.’ अन् खोके सोताच उचलून मांडवाबाहेर ठेवले.

पंगत पत्रावळीवर बसली जी! गरम भात पडला, पानाचा वास सुटला, अन् म्हातारे जेवाचं सोडून हुंगूनच राहिले. मावशी पंगतीच्या मधून फिरे, कोणाची पत्रावळ गळते का पाहत. एकही गळली नाही.

अन् आता? साऱ्यांनी त्या पंगतीचे व्हिडिओ काढले ना! ग्रुप भरला. भुपेंद्रभाऊचा तं अकरा मिनिटांचा, नुसतं वरण वाढणं! बाबा ओसरीतून पाठवतेत, मामा तुमसरातून... अन् खाली काय लिहितेत? ‘सुगत, पाहून घे ना!’

आता मी पोते उचलू का हे पाहू? काल एका दिवसात तेवीस आले. म्हटलं, पाहावं... एक तरी पाहावं... मंग काय केलं?

काय करन जी. हात जोडले.